दोष दाखवा

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी एका सकाळी माझे तीस शर्ट परत पाठवले होते, ते मी अजून विसरलेले नाही. माझ्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. कपड्यांच्या कारखान्यात त्या शेवटच्या टेबलावर तपासनीस, आणि त्यांच्याच शब्दावर मला तिथे इस्त्रीचं काम लागलेलं. म्हणजे इस्त्री मी करायची आणि ती माझ्याच जावेनं तपासायची. आता बोला.

तीसच्या तीस शर्टांवर लाल बाण होते. बाण म्हणजे नखाएवढा कागदाचा तुकडा, मागे गोंद लावलेला. कापडावर डाग असो नाहीतर टाका सुटलेला असो, बाणाचं टोक बरोबर त्या जागेवर येईल असा तो चिकटवायचा. मग माल तीन ढिगांत जायचा. पास, रिजेक्ट, आणि ज्याचं लगेच काही सांगता येत नाही तो होल्ड. मला वाटलं, घरातला कसला तरी राग बाई इथे काढताहेत. तणतणत गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, दोष दाखवा. आमच्याकडे तसा नियमच होता. ज्याच्या हातचा माल त्यानं विचारलं, की तपासनिसानं दोषावर बोट ठेवायचं. ठेवता आलं नाही तर बाण काढून घ्यायचा. जाऊबाईंनी एकेक शर्ट खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि काळ्या कापडावर इस्त्री दाबून आलेली चकाकी दाखवली. तीस वेळा. आवाज चढवला नाही की हसल्या नाहीत. माझं तोंड एवढंसं झालं, पण बाई खोटा बाण लावत नाही एवढं मला त्या दिवशी कळलं.

कारखान्यात सगळे त्यांना भिंग म्हणायचे. अर्थात पाठीमागे. एकोणिसाव्या वर्षी धागे कातरायला आलेली ही बाई, पुढे सत्तावीस वर्षं त्याच टेबलाशी उभी राहिली. डोळ्यांनी बघायच्या ते वेगळंच, पण खरी जादू त्यांच्या बोटांत. कॉलरवरून अंगठा फिरवला की ती ताठ राहावी म्हणून आत घातलेला कागद कुठे दुमडलाय ते त्यांना कळायचं. घरी आल्या तरी ते भिंग काही उतरत नसे. दाराची कडी तीनदा ओढून बघणार. दूध नासलंय का हे वास घेऊन, चव घेऊन, वर मलाही चव घ्यायला लावून ठरवणार. आमचे मोठे दीर, म्हणजे त्यांचे यजमान, बस दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. मुळात अबोल माणूस, त्यात लग्नानंतर आणखी अबोल झाले, कारण दोन शब्द बोलले की त्यातला एक जाऊबाई उजेडात धरायच्या.

त्याच बोटांना एक दिवस आंघोळ करताना छातीत गाठ लागली. वाटाण्याएवढीसुद्धा नव्हती. जवळच्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, चरबीची असेल, काळजी करू नका. दुसरी कुणी असती तर जीव भांड्यात पडून घरी आली असती. यांच्या मनात पाल चुकचुकली. खुर्चीवरून उठल्याच नाहीत. तपासणीची चिठ्ठी घेऊनच बाहेर आल्या. आणि निघाला कॅन्सरच. लवकर सापडला, असं मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर कौतुकानं म्हणाले. म्हणजे त्यांच्या संशयी स्वभावानंच त्यांना वाचवलं होतं, हे मलाही कबूल करावं लागलं. आणि म्हणूनच पुढे तो स्वभाव उलटला तेव्हा कुणाची काही बोलायची सोय राहिली नाही.

ऑपरेशन झालं. मग केमोचे सहा डोस ठरले, दर तीन आठवड्यांनी एक. सोबतीला मी जायचं ठरलं. दिरांना सुई बघितली की घेरी येते, आणि पुतणी शिकायला दूर गावी. आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, शिवाय कारखान्यात माझी पाळी बदलून मिळत होती. खरं सांगायचं तर मला फार पुळका आला होता असं नाही. कुणीतरी जायला हवं होतं.

पहिला डोस निभावला. दुसऱ्याला सलाईन सुरू झालं आणि दहा मिनिटांत त्यांची मान लालेलाल झाली, श्वास अडकायला लागला. सिस्टर धावत आल्या, सलाईन थांबवलं, कसलंसं इंजेक्शन दिलं. तासाभरानं सगळं शांत झालं आणि मग थेंब थेंब करत उरलेलं औषध गेलं. जाऊबाई त्या इंजेक्शनच्या गुंगीत झोपून होत्या. मी घाबरून पाणी आणायला गेले ती दोनदा वाट चुकले.

तिसऱ्या डोसला काहीच झालं नाही. मी आपली खुशीत होते. जाऊबाई मात्र जाताना बोलत होत्या आणि येताना तोंडाला कुलूप. रिक्षात मी चार गोष्टी काढल्या, एकीलाही उत्तर नाही. घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ते आठ दिवस फारसं फिरवलंच नाही. जेवण दोन घास. झोप नाही. आणि आमच्यावर पाळत. मी खोलीत गेले की माझ्या चेहऱ्याकडे असं बघायच्या, की माझाच हात गालावर काही लागलंय का म्हणून जायचा.

मग एकेक बाहेर यायला लागलं. दिरांनी नव्या मऊ चपला आणल्या, तर यांनी विचारलं, आजवर कधी आणल्या नाहीत त्या आताच का? लेकीचा फोन दिवसातून दोनदा यायला लागला, तर तिला कुणी काय सांगितलंय? मी एकदा म्हणाले, आज चेहरा बरा दिसतोय, तर म्हणे खोटं बोलताना तुझ्या भुवया वर जातात. आणि डॉक्टर! एरवी उभ्या उभ्या बोलणारे डॉक्टर तिसऱ्या डोसला पलंगाच्या कडेला बसले होते. चांगली बातमी द्यायला कुणी बसतं का? मी विचारलं, त्यांनी वाईट बातमी तरी कुठे दिली? तर जाऊबाई म्हणाल्या, तेच तर, कुठेतरी पाणी मुरतंय.

राग आला मला. पंधरा दिवस मी त्यांच्यासाठी धावत होते आणि बाई मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होत्या. पण रागाबरोबर थोडी लाजही होती, कारण एक गोष्ट आम्ही खरंच लपवत होतो. तिसऱ्या डोसच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, यांचं वजन उतरतंय, झोप नाही, मनानं फार खचल्यात. खालच्या मजल्यावर रुग्ण आधार कक्ष आहे, तिथल्या समुपदेशक बाईंना एकदा भेटवा. वर एक कार्डही दिलं. मी आणि दिरांनी स्वयंपाकघरात कुजबुजून ठरवलं, की इतक्यात सांगायला नको. मनाचं काही काढलं तर म्हणतील, मला वेडी ठरवताय. कार्ड मी पर्समध्ये आतल्या कप्प्यात सारलं. लपवणाऱ्याला वाटतं आपण फार हुशार. भिंगाच्या घरात कुजबुज करणारे आम्ही किती शहाणे, ते बघा.

चौथ्या डोसच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासाठी सूप घेऊन खाली गेले, तर जाऊबाई पलंगावर ताठ बसलेल्या. डोक्याला रुमाल, मांडीवर सकाळी तिथेच विसरलेली माझी पर्स, आणि हातात ते कार्ड.

"उद्या मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "रिजेक्ट मालाला कुणी टाके घालत बसत नाही."

मी भडकले. दुसऱ्याची पर्स उघडायला लाज नाही वाटत का, असं थोरल्या जावेला तोंडावर विचारलं. त्यांनी ते कानामागे टाकलं. म्हणाल्या, आधार कुणाला देतात ते मला कळतं. ज्यांच्यावर औषध चालत नाही त्यांना. मग मी सूप खाली ठेवलं आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, आम्ही का लपवलं, स्वयंपाकघरात काय ठरवलं. सांगताना मला रडू यायला लागलं, आणि त्याचाही मला राग आला.

जाऊबाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं, मिटलं. तर त्या हळूच म्हणाल्या, "आणि माझ्या फाइलवरचा लाल बाण? तोही तुझ्या भुवयांना माहीत नाही?"

कसला बाण, मी विचारलं. त्यांनी सांगितलं. तिसऱ्या डोसला सिस्टरांनी फाइल ट्रॉलीवर उघडी ठेवली होती. आतल्या कागदावर लाल बाण चिकटवलेला. अगदी आपल्यासारखा. शेजारच्या दोन्ही पलंगांच्या फाइली त्यांनी मान वळवून वळवून बघितल्या. त्यांच्यावर नव्हता.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, पण आता सांगते. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असेल काहीतरी खूण. मी नाही म्हणू शकले. चौदा वर्षं मी त्या कारखान्यात काढलेली. लाल बाण लागलेला कपडा परत येतो, नाहीतर फाडून पुसायला जातो, हे माझ्या हाडात भिनलेलं. डॉक्टर मला जे बोलले ते अर्धंच असेल का? कार्ड देताना त्यांनी माझी नजर चुकवली होती का? चुकवली असावी. मघापर्यंत त्यांच्या संशयावर चिडणारी मी, आता त्यांच्याच शेजारी पलंगावर बसून त्याच गोष्टी जुळवत होते. आणि डॉक्टरांना विचारायची हिंमत आम्हा दोघींनाही नव्हती. विचारलं आणि ते हो म्हणाले तर?

सूप गार झालं. जाऊबाई परत भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. त्यांचा तो पाठमोरा वाकलेला खांदा बघून माझी पाचावर धारण बसली. बाई उद्या गेली नाही तर परवाही जाणार नाही, आणि मग मेलीच. हा विचार मला इतका स्पष्ट आला की माझं डोकं तापलं. माझं डोकं तापलं की मला बरं सुचतं, हा माझा अनुभव आहे.

मी त्यांच्या पायावर चापट मारून म्हणाले, "ताई, माझ्या तीस शर्टांना बाण लावलेत तेव्हा मी घरी जाऊन रडत बसले होते का? आले आणि म्हणाले, दोष दाखवा. तुम्ही दाखवलात. आता उद्या तुमची पाळी. चला आणि विचारा त्यांना. बोट ठेवता आलं नाही तर बाण काढून घ्यायला लावू."

भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, नवीन चपला कुठे ठेवल्यात.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आत शिरताना जाऊबाई पुढे. पलंगावर बसायच्याही आधी त्यांनी सिस्टरांना फाइल मागितली, कागद उघडला, बाणावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, दोष दाखवा. सिस्टर गोंधळल्या. त्यांना ते पुन्हा समजावून सांगावं लागलं. मग त्यांनी बाणाच्या टोकापुढची ओळ वाचून दाखवली. एका औषधाचं नाव होतं. दुसऱ्या डोसला ज्यानं मान लाल झाली, श्वास अडकला, तेच औषध. ते द्यायच्या आधी एक इंजेक्शन द्यायचं आणि सलाईन संथ सोडायचं, हे कुणी विसरू नये म्हणून बाण. सिस्टर म्हणाल्या, हा आहे म्हणून तर तुमच्याकडे आम्ही जास्त लक्ष ठेवतो. मला हसावं की त्या सिस्टरांना मिठी मारावी ते कळेना.

पण जाऊबाईंचा चेहरा उजळला वगैरे नाही. त्या डोस घ्यायला बसल्या एवढंच. आणि सिस्टर पलीकडे गेल्यावर माझ्या कानात पुटपुटल्या, हेच सांगणार ना त्या, दुसरं काय सांगतील? तेव्हा मला खरी भीती वाटली. पुरावा समोर ठेवला तरी संशय जागचा हलत नव्हता. डोस संपल्यावर मी त्यांना काही न विचारता लिफ्टमध्ये घातलं आणि खालच्या मजल्यावर आधार कक्षात नेलं.

समुपदेशक बाई वयस्क होत्या, आणि त्यांना त्या दिवशी सडकून सर्दी झालेली. मला वाटलं होतं, आता या धीर धरा, चांगला विचार करा असं सुरू करणार आणि जाऊबाई उठून चालायला लागणार. त्यांनी तसलं काही केलं नाही. नाक पुसत पुसत त्यांनी जाऊबाईंना कामाबद्दल विचारलं. ढीग किती, बाण कसा लावतात, चुकीचा लागला तर काय. अर्धा तास कापडावरच बोलणं. मग त्यांनी एक वही काढली, पानाच्या मध्ये रेघ ओढली आणि म्हणाल्या, डावीकडे फक्त बघितलेलं लिहायचं, ज्यावर बोट ठेवता येईल असं. उजवीकडे त्यावर तुम्ही लावलेला बाण. जाऊबाईंचा हात केमोनं थरथरायचा, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

डावीकडे, डॉक्टर पलंगावर बसले. उजवीकडे, मी मरणार. डावीकडे, नव्या चपला आल्या. उजवीकडे, मी मरणार. लेकीचे दोन फोन. मी मरणार. पाच-सहा ओळी झाल्या आणि उजवीकडे तेच ते लिहून माझा हात दुखायला लागला. बाईंनी विचारलं, माणूस पलंगावर बसतो त्याची आणखी काही कारणं असू शकतात का? जाऊबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या, असतील त्यांचे पाय दुखत. बाई म्हणाल्या, तेही लिहा. लिहिलं. जाऊबाईंनी वही माझ्या हातातून ओढून घेतली आणि उजवी बाजू चष्मा लावून वाचली. पुन्हा वाचली. असं काम माझ्या टेबलावर कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं, असं त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सहा महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. बाईंनी आपल्याजवळचे नाक पुसायचे कागद त्यांच्यापुढे सरकवले.

त्यानंतर वही कायम पिशवीत असायची. त्यानं संशय गेला असं समजू नका. आमच्या जाऊबाईंचा संशय असा जाणार नाही. पाचव्या डोसला त्यांनी तासभर डॉक्टरांच्या पायांवर पाळत ठेवली आणि शेवटी मला कोपर मारून दाखवलं. डॉक्टर डावी टाच जपून टाकत होते. त्यांना थेट विचारलंही. टाच दुखते, दोन महिने झाले, ते म्हणाले. जाऊबाईंना एवढा आनंद मी त्या सगळ्या दिवसांत झालेला बघितला नव्हता. बिचाऱ्याची टाच दुखते यात आनंद कसला, पण झाला. त्या रविवारी त्या पोटभर जेवल्या.

सहा डोस झाले. महिन्यानं स्कॅन झाला. रिपोर्ट ऐकायला दोघी गेलो. डॉक्टर या वेळी खुर्चीतच होते. म्हणाले, छातीत, काखेत काही नाही, फार चांगलं आहे. फक्त फुप्फुसात एक बारीक ठिपका दिसतोय. जुन्या खोकल्याचा वण असू शकेल. दुसरं काही असेल का, हे आज सांगता येत नाही. तीन महिन्यांनी परत बघू.

जाऊबाई म्हणाल्या, दाखवा. त्यांनी पडद्यावर दाखवला. टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. त्यांनी जवळ जाऊन बराच वेळ बघितला, मग आभार मानले आणि बाहेर आल्या.

बाहेर बाकावर बसले आणि मी कोसळलेच. मला ते डॉक्टर एकाएकी खोटे वाटायला लागले. फार चांगलं आहे म्हणाले ते आधी, आणि ठिपका मागाहून. असं का? तीन महिनेच का, सहा का नाहीत? ते कागद चाळत असताना सिस्टर खोलीबाहेर का गेल्या? मी हे सगळं भडाभडा बोलत सुटले. ज्या बाईला कॅन्सर होता तिच्यापुढे मी हे बोलत होते, आणि मला थांबता येत नव्हतं. आठ-दहा महिन्यांत ही खाष्ट बाई माझी कधी झाली ते मला कळलं नव्हतं. मला ती हवी होती.

जाऊबाईंनी मला बोलू दिलं. मग पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"दोष दाखव," त्या म्हणाल्या.

मला दाखवता येईना.

"होल्डमध्ये आहे मी. होल्डचा माल कुणी फाडत नाही. चांगल्या उजेडात परत बघतात." त्यांनी रुमाल नीट केला. "लिही. डावीकडे. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका."

लिहिलं. उजवीकडे काय लिहू, मी विचारलं. त्या म्हणाल्या, उजवीकडे काही नको. आणखी एक डावीकडेच लिही. भीती वाटते.

मी म्हणाले, हे कसं डावीकडे? ते तर दिसत नाही. त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या मनगटावर ठेवला. नाडी नुसती पळत होती. बोट ठेवता येतंय की नाही, त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, भीती वाटते. त्यांनी चष्मा लावला, वही उजेडाकडे तिरकी धरली आणि माझं काम तपासलं. मग पेन्सिल मागितली, आणि स्वतःच्या हातानं त्या दोन शब्दांच्या आधी एक शब्द घातला. दोघींना.